व्हॅटिकनचं नाणं रोममध्ये चालतं का? छोट्या राज्यांची स्मारक युरो नाणी ओळखण्याची आणि घेण्याची रीत

ऑनलाइन विक्रीत एक ओळ वारंवार दिसते : ‘व्हॅटिकन सिटी, ५ युरो, चांदी, प्रूफ, संपूर्ण युरोपात कायदेशीर चलन’. यातली पहिली चारही विशेषणं खरी असू शकतात, शेवटचं मात्र चूक आहे. (प्रूफ म्हणजे संग्राहकांसाठी आरशासारखी झळाळी देऊन पाडलेलं नाणं.) ते नाणं व्हॅटिकनच्या भिंतीबाहेर आलं की रोममधल्या अगदी समोरच्या कॉफीच्या दुकानातही ते घ्यायला कुणी बांधील नाही. आणि त्याच व्हॅटिकनचं २ युरोचं स्मारक नाणं लिस्बनपासून हेलसिंकीपर्यंत चालतं. राज्य तेच, टाकसाळ तीच, फरक फक्त कायद्याने घातलेल्या वर्गाचा.

नवीन संग्राहक नाण्याचं चित्र बघतो, मग किंमत बघतो, आणि वर्ग कोणता हे सर्वांत शेवटी, बहुतेक वेळा पैसे देऊन झाल्यावर. हा क्रम उलटा करायला हवा. युरो वापरणारी व्हॅटिकन, सान मारिनो, मोनॅको आणि अँडोरा ही चार छोटी राज्यं युरोपीय संघाची सदस्य नाहीत, तरी युरोपीय संघाशी केलेल्या चलन करारांमुळे त्यांना स्वतःची युरो नाणी काढता येतात. त्यांचे नियम लेखी, काटेकोर आणि सगळ्यांना वाचता येतील असे आहेत. एकदा ते समजले की फसणं अवघड होतं.

पहिली पायरी : नाणं कोणत्या वर्गातलं ते ठरवा

कायद्याच्या नजरेत युरो नाण्यांचे दोन मोठे गट आहेत : चलनासाठीची नाणी आणि संग्राहक नाणी. चलनासाठीच्या नाण्यांमध्ये १ सेंटपासून २ युरोपर्यंतची आठ नेहमीची नाणी येतात, आणि त्यांच्यासोबत स्मारक नाणीही. युरोपीय संघाच्या २०१२ सालच्या ६५१ क्रमांकाच्या नियमावलीने हे विभाजन पक्कं केलं.

चलनासाठीचं स्मारक नाणं फक्त २ युरोचंच असतं. ही एक गोष्ट पाठ केली तरी अर्धं काम होतं. ५, १०, २० युरोचं, अडीच युरोचं, चांदीचं किंवा सोन्याचं काहीही ‘स्मारक युरो नाणं’ म्हणून समोर आलं, तर ते संग्राहक नाणं आहे. संग्राहक नाणं ज्या सदस्य देशाने काढलं त्या देशापुरतंच कायदेशीर चलन असतं. व्हॅटिकनच्या करारात तर स्पष्टच लिहिलं आहे की त्याची संग्राहक नाणी युरोपीय संघात कायदेशीर चलन नाहीत.

संग्राहक नाणं चुकून गल्ल्यात जाऊ नये म्हणून नियमावली तीन गोष्टी मागते. त्याची दर्शनी किंमत चलनातल्या आठ नाण्यांपैकी कोणत्याही नाण्याइतकी नसावी. त्याचं चित्र चलनातल्या नाण्यासारखं नसावं. आणि रंग, व्यास, वजन या तीनपैकी किमान दोन बाबतींत ते ठळकपणे वेगळं असावं. त्यामुळे ‘२ युरोचं चांदीचं संग्राहक नाणं’ असं कुणी विकत असेल, तर या नियमांत ते बसत नाही. एक तर विक्रेत्याने वर्णन चुकवलं आहे, किंवा ते नाणंच नाही. (चलनातल्या २ युरो नाण्याचीच प्रूफ आवृत्ती ही वेगळी गोष्ट. ती नेहमीच्या धातूची असते, फक्त तिची झळाळी वेगळी.)

‘कायदेशीर चलन’ म्हणजे काय, याचीही नीट समजूत हवी. देणं फेडताना समोरच्याला जे नाकारता येत नाही ते कायदेशीर चलन. पण युरो क्षेत्रातही एका व्यवहारात ५० पेक्षा जास्त नाणी घ्यायला कुणी बांधील नाही, नाणी काढणारी यंत्रणा सोडून. आपल्याकडे २०११ च्या नाणे कायद्याने अशीच मर्यादा घातली आहे, फक्त ती नगांत नाही तर रकमेत मोजली जाते : १ रुपया आणि त्यावरील नाण्यांत १,००० रुपयांपर्यंतचं देणं फेडता येतं.

दुसरी पायरी : राज्याला किती नाणी काढायचा हक्क आहे ते बघा

अमुक स्मारक नाणं दुर्मीळ का आणि तमुक स्वस्त का, याचं उत्तर बहुतेक वेळा इथे सापडतं. म्हणून इथे थोडं थांबू.

व्हॅटिकनचं क्षेत्रफळ सुमारे ०.४४ चौरस किलोमीटर, वस्ती काही शेकड्यांची. युरोच्या आधी त्याचा स्वतःचा लिरा होता, इटलीच्या लिऱ्याच्या बरोबरीचा. युरोसाठी पहिला करार डिसेंबर २००० मध्ये झाला. आज लागू असलेला करार १७ डिसेंबर २००९ चा, तो १ जानेवारी २०१० पासून अंमलात आला. त्यानुसार व्हॅटिकन दरवर्षी किती रकमेची नाणी काढणार याला कमाल मर्यादा आहे. मर्यादेचा एक भाग ठरावीक : २०१० साठी २३ लाख युरो, पुढे दरवर्षी व्हॅटिकन आणि युरोपीय संघाची संयुक्त समिती त्याचा फेरविचार करू शकते. दुसरा भाग बदलता : इटलीने आदल्या वर्षी दरडोई सरासरी जेवढ्या रकमेची नाणी काढली, ती गुणिले व्हॅटिकनची लोकसंख्या. वस्तीच इतकी कमी की हा दुसरा भाग नगण्य राहतो.

संग्राहक नाणीही याच मर्यादेत मोजली जातात, दर्शनी किमतीने. म्हणजे १ लाख स्मारक नाणी काढली की मर्यादेतले २ लाख युरो गेले. ५ युरोची १० हजार चांदीची नाणी काढली की ५० हजार गेले. छोट्या राज्याला प्रत्येक नाण्याचा हिशेब असा मांडावा लागतो.

मर्यादा काही प्रसंगी वाढते. पोपपद रिकामं झालेल्या वर्षी ३ लाख युरो, पवित्र वर्षात, म्हणजे कॅथलिक चर्चच्या ठरावीक काळाने येणाऱ्या विशेष वर्षात, ३ लाख, आणि धर्मपरिषद सुरू होणाऱ्या वर्षी ३ लाख. २०२५ मध्ये पवित्र वर्ष चालू असतानाच २१ एप्रिलला पोप फ्रान्सिस यांचं निधन झालं आणि ८ मे रोजी लिओ चौदावे निवडले गेले, म्हणजे यातली दोन कारणं एकाच वर्षात आली. पोपपद रिक्त असतानाच्या नाण्यांना संग्राहक ‘सेदे वाकांते’ म्हणतात. त्यांच्यावर पोपची मुद्रा नसते, त्या काळात कारभार बघणाऱ्या कार्डिनलचं, म्हणजे कामेरलेंगोचं, मानचिन्ह असतं. २००५ आणि २०१३ ची अशी नाणी प्रसिद्ध आहेत. त्यावर पोपचा चेहरा नाही म्हणून ‘चुकीचं छापलेलं दुर्मीळ नाणं’ असं कुणी सांगितलं तर भुलू नका. चेहरा नसणं हेच त्या नाण्याचं वैशिष्ट्य आहे. तसंच २०१७ पासून व्हॅटिकनच्या नेहमीच्या नाण्यांवर पोप फ्रान्सिस यांच्या चेहऱ्याऐवजी त्यांचं मानचिन्ह आलं. तीही टाकसाळीची चूक नव्हे, तो पोप फ्रान्सिस यांचा स्वतःचा निर्णय होता.

२००९ च्या कराराने आणखी एक अट घातली, आणि संग्राहकांच्या दृष्टीने ती सर्वांत मोलाची : काढलेल्या नाण्यांपैकी किमान ५१ टक्के नाणी दर्शनी किमतीलाच चलनात सोडायची. त्याआधी व्हॅटिकनची जवळपास सगळी नाणी संचांच्या पाकिटांतून चढ्या किमतीला थेट संग्राहकांकडे जात. आता गणित करून बघा. २३ लाखांचे ५१ टक्के म्हणजे ११ लाख ७३ हजार युरो. एवढी रक्कम ५० सेंटच्या नाण्यांत सोडायची तर साडेतेवीस लाखांच्या आसपास नाणी लागतात. व्हॅटिकनने २०१० पासून नेमकं हेच केलं, ५० सेंटचं नाणं मोठ्या संख्येने चलनात सोडलं. म्हणून २०१० आणि त्यानंतरच्या ५० सेंटच्या सुट्या व्हॅटिकन नाण्याला ‘अतिदुर्मीळ’ म्हणत मोठी किंमत मागणाऱ्यापासून दूर राहा. त्याच वर्षाचं १ सेंट किंवा २ युरोचं नेहमीचं नाणं मात्र मुख्यतः संचातच मिळतं.

व्हॅटिकन आणि सान मारिनो यांची नाणी रोमच्या सरकारी टाकसाळीत पडतात, त्यांवर ‘आर’ हे टाकसाळीचं चिन्ह असतं. मोनॅकोची नाणी फ्रान्सची टाकसाळ पाडते. अँडोराच्या नाण्यांचं काम स्पेन आणि फ्रान्सच्या टाकसाळींकडे आहे. अँडोराला युरोपूर्वी स्वतःचं अधिकृत चलन नव्हतं, तिथे फ्रँक आणि पेसेता चालत. त्यांचा करार ३० जून २०११ ला झाला आणि १ एप्रिल २०१२ पासून लागू झाला. म्हणून त्याआधीच्या सालाची ‘अँडोरा युरो’ नाणी दिसली तर ती खासगी कारखान्यात पाडलेली नमुना नाणी आहेत, चलनाशी त्यांचा संबंध नाही. सान मारिनोला एक वेगळी मुभा आहे : स्कुदो या जुन्या एककात सोन्याची नाणी काढायची. ती सान मारिनोपुरतीच.

नोटांच्या बाबतीत चौघांचीही अवस्था सारखीच : यांपैकी कुणालाही स्वतःच्या नोटा काढता येत नाहीत. ‘व्हॅटिकनची ० युरोची नोट’ ही पर्यटकांसाठी छापलेली आठवण आहे. आवडली तर जरूर घ्या, पण चलनी नोटांच्या अल्बममध्ये तिला जागा नाही.

तिसरी पायरी : ते नाणं खरोखर मंजूर झालं होतं का, ते तपासा

कोणताही देश मनात आलं म्हणून २ युरोचं स्मारक नाणं काढू शकत नाही. एका वर्षात जास्तीत जास्त दोन. २०१२ पर्यंत एकच होतं. सगळ्या सदस्य देशांनी मिळून काढलेलं संयुक्त नाणं या दोनांत धरत नाहीत, आणि राष्ट्रप्रमुखाचं पद तात्पुरतं रिकामं असताना काढलेलंही धरत नाहीत. सेदे वाकांतेचं नाणं याच सवलतीत येतं.

नाण्यांच्या संख्येलाही मर्यादा आहे. युरो क्षेत्रात आजवर चलनात आलेल्या एकूण २ युरो नाण्यांच्या ०.१ टक्के, किंवा त्या देशाच्या स्वतःच्या २ युरो नाण्यांच्या ५ टक्के, यांतला मोठा आकडा. विषय जगभर मान्यता असलेला आणि अतिशय प्रतीकात्मक असेल तर ०.१ चे २ टक्के होतात. छोट्या राज्यांना या मर्यादेची झळ बसत नाही. त्यांचे हात करारातल्या रकमेच्या मर्यादेने आधीच बांधलेले असतात.

मंजुरीचा रस्ता असा. चित्राचा आराखडा नाणं काढायच्या किमान तीन महिने आधी युरोपीय संघाची परिषद, युरोपीय आयोग आणि युरो वापरणाऱ्या इतर सदस्य देशांकडे पाठवायचा. सात दिवसांत कुणी कारणं देऊन लेखी आक्षेप घेतला नाही आणि आयोगाने तांत्रिक त्रुटी दाखवली नाही, तर आठव्या दिवशी मंजुरी मिळाली असं धरलं जातं. हे कागदावर रुक्ष वाटतं, पण यावरून खरोखर वाद झाले आहेत.

बेल्जियमने २०१५ मध्ये वॉटर्लूच्या लढाईच्या द्विशताब्दीसाठी २ युरोचं नाणं ठरवलं. फ्रान्सने आक्षेप घेतला : नेपोलियनच्या पराभवाचं नाणं फ्रेंच माणसाच्या खिशात का यावं? तोवर सुमारे १ लाख ८० हजार नाणी पाडून झाली होती. ती बेल्जियमला बाद करावी लागली. मग त्याने अडीच युरोचं ७० हजार नगांचं संग्राहक नाणं काढलं आणि ६ युरोला विकलं. अडीच युरो ही दर्शनी किंमत चलनातल्या कोणत्याही नाण्याची नाही, ते फक्त बेल्जियममध्ये कायदेशीर चलन, त्यामुळे ते कुणालाही अडवता आलं नाही. पहिल्या पायरीत सांगितलेला वर्गाचा फरक प्रत्यक्षात कसा चालतो हे याहून स्पष्ट कुठे दिसणार नाही. स्लोवाकियाच्या सिरिल आणि मेथोडियस या संतांच्या नाण्यावरही त्यांच्या प्रभावलयावरून आणि वस्त्रांवरच्या क्रूसांवरून हरकती आल्या होत्या. स्लोवाकिया ठाम राहिला आणि २०१३ मध्ये नाणं मूळ चित्रानिशीच निघालं.

तुमच्या कामाचा भाग पुढे आहे. मंजूर झालेलं प्रत्येक २ युरो स्मारक नाणं युरोपीय संघाच्या अधिकृत राजपत्राच्या ‘सी’ मालिकेत प्रसिद्ध होतं. त्या सूचनेत नाण्याचं चित्र, विषय, वर्णन, संख्या आणि काढण्याची तारीख अशा गोष्टी असतात. युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या संकेतस्थळावरही वर्षवार यादी आहे. खरेदीआधी तिथे जाऊन वर्ष आणि राज्य निवडा, आणि विक्रेत्याच्या फोटोतलं प्रत्येक अक्षर जुळवा. यादीत नसलेलं २ युरोचं स्मारक नाणं घेऊ नका, त्याची कहाणी कितीही रंजक असो. विक्रेत्याने सांगितलेली संख्याही राजपत्राशी जुळवा. बरेचदा एकूण संख्या बाजूला ठेवून फक्त प्रूफ आवृत्तीची संख्या ठळक लिहिली जाते, आणि साधं नाणं तिच्या भावात खपवलं जातं.

चौथी पायरी : नाणं हातात आल्यावर

तीन साधनं पुरतात : ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा खिशातला वजनकाटा, व्हर्निअर कॅलिपर आणि एक लहान चुंबक.

काटा बरोबर आहे का हे आधी बघा. आपल्या २० रुपयांच्या बारा कडांच्या नाण्याचं ठरलेलं वजन ८.५४ ग्रॅम. नवंकोरं नाणं ठेवा, काटा त्याच्या आसपास दाखवतो का बघा. मग युरो ठेवा. २ युरोचं वजन ८.५० ग्रॅम, व्यास २५.७५ मिलिमीटर, जाडी २.२० मिलिमीटर. वजन ८.४ च्या खाली किंवा ८.६ च्या वर गेलं तर संशय घ्या.

चुंबक जवळ न्या. बाहेरचं पांढरं कडं तांबं-निकेलचं, ते ओढलं जात नाही. मधला पिवळा भाग तीन थरांचा, दोन्ही बाजूंना निकेल-पितळ आणि मध्ये शुद्ध निकेल, त्यामुळे तो हलकेच ओढला जातो. चुंबक अजिबात लागला नाही, किंवा लोखंडासारखा टक्कन चिकटला, तर नाणं नकली. या तपासणीत थायलंडचं १० बाथचं नाणंही अडकतं. तेही दोन रंगांचं, २६ मिलिमीटरचं आणि साडेआठ ग्रॅमचं, त्यामुळे वजनकाट्यावर सहज पास होतं. ते ओळखायचं वरच्या थाई अक्षरांवरून. मिश्र ढिगातून नाणी वेचताना हा घोळ होतोच.

मग कड. व्हॅटिकन आणि सान मारिनोच्या २ युरो नाण्याच्या कडेवर, इटलीच्या नाण्यासारखाच, २ चा आकडा आणि एक तारा ही जोडी सहा वेळा येते, आळीपाळीने सुलटी आणि उलटी. मोनॅकोच्या कडेवर, फ्रान्सप्रमाणे, २ चा आकडा आणि दोन तारे, सहा वेळा. नकली नाण्यांत कडेवरचे आकडे बहुधा उथळ, असमान अंतरावर किंवा चुकीच्या देशाचे असतात. एक गैरसमज इथेच दूर करू : नाणं चित्राची बाजू वर धरून कड वाचली की काही नाण्यांवर अक्षरं एका दिशेने सुरू होतात, काहींवर दुसऱ्या. कड आधी उमटते आणि मग नाणं कोणत्याही बाजूने छाप्यात पडतं, म्हणून असं होतं. ती चूक नाही, आणि तिच्यासाठी जास्त पैसे देण्याचं कारण नाही.

किमतीचा आकडा असलेल्या, सगळ्या देशांत सारख्याच असणाऱ्या बाजूवरचा नकाशा २००७ पासून बदलला. जुन्या नकाशात तेव्हाच्या १५ सदस्य देशांच्या सीमा वेगवेगळ्या दिसतात, नव्यात युरोप अखंड आहे. २००४ किंवा २००५ सालाच्या स्मारक नाण्यावर नवा नकाशा दिसला तर ते नाणं परत करा. चित्राच्या बाजूला बारा तारे, राज्याचं नाव आणि साल हवंच.

नकला खास करून कशाच्या निघतात? मोनॅकोच्या २००७ सालच्या नाण्याच्या. राणी ग्रेस केली यांच्या निधनाला २५ वर्षं झाली म्हणून काढलेलं, संख्या २०,००१. युरो क्षेत्रातलं सर्वांत गाजलेलं स्मारक नाणं, आज त्याला हजारो युरो मोजले जातात. मूळ पेटीशिवाय, कुणा तज्ज्ञाच्या प्रमाणपत्राशिवाय ते नाणं घेऊ नये, एवढाच आमचा सल्ला. ते नाणं स्वस्तात मिळणार नाही, आणि स्वस्तात मिळालं तर बहुधा ते नाणं नसेल. (राणी म्हणायची आपली सवय, पण मोनॅकोचे प्रमुख राजपुत्र असतात आणि त्या होत्या राजकुमारी ग्रेस. नाण्याच्या नोंदी करताना पदवी बरोबर लिहावी.)

रंगीत आणि सोनेरी मुलामा दिलेल्या २ युरो नाण्यांबद्दलही सांगायला हवं. ती मूळची खरी नाणी असतात, पण त्यांवर रंग किंवा मुलामा नंतर कुणा खासगी कारखान्याने चढवलेला असतो. मुद्दाम बदललेली नाणी बदलून द्यायला सरकारी यंत्रणा नकार देऊ शकतात, आणि संग्रहात तर ती खराब झालेली नाणीच धरली जातात. नाण्यासारखी दिसणारी पदकंही असतात. त्यांच्यासाठी २००४ सालची २१८२ क्रमांकाची वेगळी नियमावली आहे. युरो नाण्याच्या आकारमानाजवळ जाणाऱ्या पदकावर ‘युरो’ हा शब्द किंवा त्याचं चिन्ह छापायला तिची मनाई आहे. म्हणून अशा नमुना पदकांवर विचित्र, युरोशी यमक जुळणारी नावं दिसतात. असं नाव दिसलं की समजा, हे पदक आहे.

पाचवी पायरी : कुठे आणि कितीला

युरोपात शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मराठी मंडळींना एक फायदा आहे. व्हॅटिकनच्या टपाल कार्यालयात किंवा संग्रहालयात खरेदी केली की सुट्या पैशांत व्हॅटिकनचं ५० सेंटचं नाणं दर्शनी किमतीलाच मिळू शकतं. नातेवाइकांना सांगून ठेवा, पण ‘आणच’ म्हणू नका, मिळेलच याची खात्री नसते.

व्हॅटिकनची २ युरो स्मारक नाणी मात्र खुद्द तिथल्या विक्री विभागाकडूनच पुठ्ठ्याच्या घडीत, दर्शनी किमतीच्या कित्येक पट भावाने येतात. हे फसवणं नव्हे, हीच त्यांची अधिकृत विक्री. म्हणून ‘२ युरोचं नाणं २ युरोलाच मिळायला हवं’ ही अपेक्षा इथे सोडा. उलट फ्रान्स, इटली, जर्मनीची स्मारक नाणी लाखोंनी निघतात आणि दुकानातल्या सुट्यांत सापडतात. नवशिक्याने सुरुवात तिथून करावी. हाताला खऱ्या नाण्याचं वजन आणि कड ओळखीची झाली की मग छोट्या राज्यांकडे वळावं.

घेताना नाण्याची अवस्था कोणती ते लेखी विचारा : साधं न वापरलेलं, ब्रिलियंट अनसर्क्युलेटेड (संग्राहकांसाठी जास्त काळजीने पाडलेलं, चकचकीत) की प्रूफ. प्रूफची पार्श्वभूमी आरशासारखी आणि चित्र मंद, दुधी असतं. घडीतून काढलेलं नाणं आणि घडीसह असलेलं नाणं यांच्या भावात मोठा फरक पडतो. पुन्हा विकायचा विचार असेल तर घडी, पेटी, प्रमाणपत्र यांतलं काहीही टाकू नका.

सहावी पायरी : भारतात आणणं आणि ठेवणं

परदेशी नोटा भारतातल्या रहिवाशाने २,००० डॉलरच्या मूल्यापर्यंतच जवळ ठेवायच्या असतात. परदेशी नाण्यांना अशी मर्यादा नाही. परकीय चलन बाळगण्याबाबतच्या २०१५ च्या नियमांत परदेशी नाणी कितीही बाळगायची मुभा कुणालाही दिलेली आहे. म्हणून संग्रहाची काळजी करू नका. पण ही नाणी इथे बदलून मिळतील असं समजू नका. चलन बदलून देणारी दुकानं सहसा फक्त नोटा घेतात.

टपालाने मागवणार असाल तर दोन गोष्टी सांभाळा. विमा नसलेल्या पाकिटात नाणी पाठवायला आंतरराष्ट्रीय टपाल नियमांची साधारणपणे मनाई आहे, म्हणून विमा आणि माग काढण्याची सोय असलेली सेवाच निवडा. आणि पाकिटावर ‘भेटवस्तू’ लिहून कमी किंमत दाखवण्याची विक्रेत्याची तयारी असली तरी नकार द्या. पार्सल हरवलं तर भरपाई त्या कमी किमतीचीच मिळते, आणि कस्टममध्ये अडलं तर खुलासा तुम्हाला द्यावा लागतो. सोन्या-चांदीच्या नाण्यांचे आयातीचे नियम आणि शुल्क वरचेवर बदलतात, तेव्हा मागवण्याच्या त्या आठवड्यातला नियम बघूनच पैसे द्या. सुरुवातीच्या वर्षात साध्या धातूच्या २ युरो नाण्यांपुरतं राहणं शहाणपणाचं.

घरी आल्यावर नाणं कडेने धरा, बोटं पृष्ठभागाला लागू देऊ नका. पीव्हीसीच्या मऊ पाकिटात वर्ष-दोन वर्षं ठेवलेल्या नाण्यावर हिरवा चिकट थर येतो आणि तो तांब्याच्या मिश्रधातूला कायमचा खातो. २६ मिलिमीटरची कडक प्लास्टिकची डबी २ युरोला नेमकी बसते. कोकणात आणि मुंबईत जूनपासून सप्टेंबरपर्यंत अल्बमच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या ओलसर झाल्या की बदला. नाणं काळवंडलं म्हणून चिंच, लिंबू, पितांबरी यांपैकी काहीही लावू नका. देवघरातल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांना ते चालतं, नाण्याची मूळ झळाळी मात्र एकदा घासली गेली की परत येत नाही.

वहीत प्रत्येक नाण्यापुढे पाच रकाने ठेवा : राज्य आणि साल, वर्ग, राजपत्रातली संख्या, वजन, आणि कुठून कितीला घेतलं. ‘वर्ग’ हा रकाना रिकामा ठेवून पुढचं नाणं मागवायचं नाही.